इंग्रजीचे ॲडव्हान्स शब्द: डेफिनिशन आणि वाक्यांतून शिकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संध्याकाळी एका अभ्यासिकेत इंग्रजी शिकवते. स्पर्धा परीक्षावाले, बाहेरच्या ॲडमिशनची तयारी करणारे, ऑफिसात ईमेल लिहिताना अडणारे असे सगळे येतात, बहुतेक मराठी मीडियमचे, मी पण त्यातलीच. प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढली. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, नंबर दिलेत म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्यावर जाता येईल.

१. ताई, ॲडव्हान्स व्होकॅब म्हणजे अवघड शब्द ना? सुरुवात कुठून करू?

अवघड शब्द असं काही नसतं, कमी वेळा भेटणारा शब्द असतो. ऑक्सफर्डने शिकणाऱ्यांसाठी ३००० शब्दांची एक यादी केलीये आणि तिला आणखी २००० जोडून ५००० ची केलीये, प्रत्येक शब्दापुढे लेव्हल असते, ए-वन सगळ्यात सोपी आणि सी-टू सगळ्यात वरची. पहिले ३००० बी-टूपर्यंतचे, वरचे २००० बी-टू आणि सी-वनचे. आधी पहिली यादी चाळा आणि जे अडतात त्यावर खूण करा. खुणा शंभराच्या वर गेल्या तर ॲडव्हान्सला हात लावू नका, आधी ते संपवा. माझ्याकडे 'युबिक्विटस' पाठ असलेली मुलं येतात आणि 'अनलेस' घालून वाक्य करायला सांगितलं की थांबतात, ह्यात त्यांचा दोष नाही, कोणीतरी त्यांना चुकीच्या टोकाने सुरू करून दिलंय.

कॉलेजची पुस्तकं किंवा रिसर्च पेपर वाचायचे असतील तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली आलेली अकॅडमिक वर्ड लिस्ट बघा. त्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत, म्हणजे 'ॲनलाइझ', 'ॲनालिसिस', 'ॲनालिटिकल' हे सगळं मिळून एकच धरायचं.

२. मराठी अर्थ लिहिला तर चालतो का? सगळे म्हणतात इंग्रजीतच विचार करा.

चालतो, अगदी बिनधास्त लिहा. मराठी अर्थाने शब्दाची ओळख लवकर होते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. अडचण होते ती एका शब्दाला एकच मराठी शब्द चिकटवून वही मिटली की.

'फ्रूगल', 'थ्रिफ्टी', 'स्टिंजी', 'पार्सिमोनियस' हे चार घ्या. छोट्या डिक्शनरीत चारही ठिकाणी काटकसरी नाहीतर कंजूष लिहिलेलं सापडेल. आता आपल्याच घरात बघा, आजीला काटकसरी म्हटलं तर ती खूश होते आणि चिक्कू म्हटलं तर दोन दिवस बोलत नाही. तसंच तिकडे आहे. 'फ्रूगल' म्हणजे साधेपणाने, कमी खर्चात राहणारा, 'थ्रिफ्टी' म्हणजे पैसा जपून वापरणारा आणि त्यात कौतुक आहे, 'स्टिंजी' म्हणजे सरळ चिक्कू, आणि 'पार्सिमोनियस' म्हणजे कवडीचुंबक, पण हा शब्द पुस्तकात भेटतो, गप्पांत नाही. म्हणजे मराठीतून शिकायला हरकत नाही फक्त नेमकी मराठी वापरा. कधी कधी तर मराठी इतकी चपखल बसते की लांबलचक डेफिनिशनची गरजच राहत नाही: 'टॅसिटर्न' म्हणजे घुमा, 'शीपिश' म्हणजे ओशाळलेला, 'लोक्वेशस' म्हणजे बडबड्या.

आणि चुकीच्या अर्थाने काय होतं ते मी डोळ्याने बघितलंय. एका मुलीने नोकरीच्या अर्जात वडिलांबद्दल लिहिलं होतं की ते तालुक्यातले 'नोटोरियस' शिक्षक आहेत. तिच्याकडच्या गाईडमध्ये अर्थ दिला होता प्रसिद्ध. खरा अर्थ कुप्रसिद्ध. वडिलांबद्दल एवढ्या अभिमानाने लिहिलेली ओळ आणि ती अशी उलटी पडली, मला ते वाचून फार वाईट वाटलं. तेव्हापासून गाईडमधला एका शब्दाचा अर्थ मी कोणालाच पाठ करू देत नाही.

३. मग कुठली डिक्शनरी घेऊ?

लर्नर्स डिक्शनरी. साध्या डिक्शनरीत एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दात असतो, मग तो बघायला तिसरं पान. लर्नर्समध्ये अर्थ मुद्दाम सोप्या शब्दांत लिहितात. लाँगमनची १९७८ साली आली त्यात सगळे अर्थ साधारण २००० नेहमीच्या शब्दांतच बसवले होते. कोबिल्ड १९८७ ची, तिची पद्धत वेगळी, तिथे अर्थच पूर्ण वाक्यात असतो, एखादा माणूस असा असा वागला तर त्याला हे म्हणतात, अशा धाटणीत. त्यामुळे शब्द माणसाला लावायचा की वस्तूला हे अर्थ वाचतानाच कळतं. नवशिक्याला मी हीच सांगते.

हे सगळं आपल्यासारख्यांसाठीच सुरू झालं हेही सांगते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांची डिक्शनरी पहिल्यांदा १९४२ साली टोकियोत छापली गेली, आज ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स म्हणून मिळते ती तीच पुढे वाढत गेलेली. विकत नाही घेतली तरी ह्या तिन्ही नेटवर फुकट बघता येतात.

४. डेफिनिशन जशीच्या तशी घोकायची का?

नाही. डेफिनिशन समजून घ्यायची, पाठ करायचं ते वाक्य (प्रश्न ५). डेफिनिशन वाचताना स्वतःला तीन गोष्टी विचारा, हा शब्द कोणाला लावतात, बोलणाऱ्याला ती गोष्ट आवडलीये की खटकलीये, आणि नेहमीच्या बोलण्यातला आहे की लिखाणातला.

'कॉन्डिसेंडिंग' घ्या. डिक्शनरी सांगते की आपण समोरच्यापेक्षा हुशार किंवा मोठे आहोत असं दाखवत वागणारा. आता तीन प्रश्न. लावतात माणसाला, त्याच्या आवाजाला, हसण्याला, वागण्याला. बोलणाऱ्याला खटकलंय, हे नक्की. आणि बोलण्यातही चालतो, लिखाणातही. एवढं झालं की डिक्शनरी बंद करा आणि बाजूच्याला मराठीत सांगा: बँकेतला तो माणूस मावशीला कसा म्हणाला, 'अहो तुम्हाला नाही कळणार ते, मुलाला पाठवा', तो सूर म्हणजे 'कॉन्डिसेंडिंग'. हे सांगता आलं म्हणजे शब्द तुमचा झाला.

५. उदाहरणाचं वाक्य चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं?

शब्दावर बोट ठेवा आणि उरलेलं वाक्य वाचा. 'शी इज व्हेरी मेटिक्युलस.' बोट ठेवलं तर काय उरतं? ती फार काहीतरी आहे. तिथे उंच, आजारी, श्रीमंत काहीही बसतं, म्हणजे वाक्य वाया. आता हे बघा, 'शी इज सो मेटिक्युलस दॅट शी चेक्स एव्हरी बिल ट्वाइस बिफोर पेइंग.' इथे बोट ठेवलं तरी कळतं की बाई बारकाईने काम करणारी आहे, कारण वाक्यातच तिचं वागणं दिसतंय.

दुसरं, वाक्यात शब्दाचे शेजारी दिसले पाहिजेत. 'प्रोन' नंतर 'टु' येतो, 'ॲव्हर्स' नंतर पण 'टु', 'डिव्हॉइड' नंतर 'ऑफ'. वहीत नुसतं 'प्रोन' लिहिलं तर हे कधीच लक्षात राहणार नाही आणि पेपरात 'प्रोन फॉर' लिहून याल.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'मिटिगेट', 'अलिव्हिएट', 'अप्पीझ' तिघांचाही अर्थ मराठीत कमी करणं, शांत करणं असाच लिहितात. पण 'मिटिगेट' सोबत धोका येतो, परिणाम येतो. 'अलिव्हिएट' सोबत दुखणं, गरिबी, टंचाई. 'अप्पीझ' सोबत माणूस, नाहीतर त्याचा राग, आणि बऱ्याचदा नको तेवढं नमतं घेतल्याची छटा. आपण मराठीत शपथ घेतो, पैज लावतो, नवस बोलतो, ह्यातलं क्रियापद आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं, जोडीनेच कानावर पडलं. इंग्रजीत ते कानावर पडत नाही म्हणून जोडी लिहून घ्यायची, माझं सगळं शिकवणं एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे.

६. वाक्य स्वतःचं करू की डिक्शनरीतलं घेऊ?

आधी उसनं घ्या मग त्यातल्या दोन गोष्टी बदला. पहिल्याच दिवशी स्वतःचं केलं की मराठी वाक्यात इंग्रजी शब्द बसवल्यासारखं होतं. समजा उसनं वाक्य आहे की औषधाने दुखणं 'अलिव्हिएट' झालं. आता औषध आणि दुखणं काढा. 'द टँकर्स अलिव्हिएटेड द वॉटर शॉर्टेज इन अवर व्हिलेज.' सांगाडा त्यांचा आणि गाव आपलं. लातूरकडच्या एका मुलाने केलेलं हे वाक्य आहे, तो शब्द त्याला परत कधी विचारावा लागला नाही कारण टँकरची लाइन त्याने स्वतः लावलेली आहे.

एआयकडून वाक्यं करून घेतली तर चालतात का असंही विचारतात. चालतात पण दहा मागा आणि प्रश्न ५ मधली बोटाची परीक्षा लावून दोन ठेवा, आणि शेजारचा शब्द डिक्शनरीत एकदा ताडून घ्या.

७. वही बरी की ॲप?

जे रोज उघडाल ते. कार्ड मात्र नीट करा. पुढच्या बाजूला वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी जागा आणि फक्त पहिलं अक्षर. मागच्या बाजूला शब्द, उच्चार देवनागरीत, नेमका मराठी अर्थ, आणि एक शेजारी. पुढे शब्द आणि मागे अर्थ असं कार्ड सगळे करतात पण त्याने फक्त ओळखायला येतं, वापरायला नाही (प्रश्न ९).

कागदावर करायचं असेल तर बुटाच्या खोक्यात पाच कप्पे करा. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात, पहिला कप्पा रोज बघायचा आणि शेवटचा महिन्यातून एकदा. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर ह्या जर्मन लेखकाच्या नावाने ओळखली जाते. मोबाइलवर अँकी नावाचं ॲप हेच काम करतं, अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे.

८. रोज किती शब्द करू? केलेले आठवड्यात विसरतो.

सहा ते आठ, बस. सहा धरले आणि वर्षात ३०० दिवस झाले तरी १८०० होतात. रोज पन्नासवाले पंधराव्या दिवशी सोडून देतात, मी दरवर्षी बघते.

विसरणं हा तुमचा मेंदू कच्चा असल्याचा पुरावा नाही हो. हर्मान एबिंगहाउसने अर्थ नसलेली अक्षरं स्वतः पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली मांडलं की पाठांतरातलं बरंचसं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत निसटतं, नंतर निसटण्याचा वेग कमी होतो. म्हणून उजळणी लवकर हवी: दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, एकविसाव्या. आणि उजळणी म्हणजे वाचणं नाही, उत्तर झाकून आठवणं.

९. वाचताना शब्द कळतो पण बोलताना तोंडात येतच नाही.

हे सगळ्यांचं होतं, मराठीतही होतं. कीर्तनात बुवा बोलतात ते आपल्याला कळतं म्हणून आपण घरी तसं बोलतो का? ओळखीचे शब्द नेहमीच जास्त असतात आणि वापरातले कमी. त्यामुळे सगळे शब्द तोंडात आणायचा हट्ट सोडा, पाचातला एक निवडा जो तुमच्या कामात खरंच लागतो. त्याची वर सांगितलेली कार्डं करा आणि त्या आठवड्यात तो तीनदा तरी वापरा, मोठ्याने.

१०. रूट्स पाठ केले की हजारो शब्द आपोआप येतात म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. 'बेने' म्हणजे चांगलं, 'मॅल' म्हणजे वाईट, 'लोक्व' म्हणजे बोलणं, हे माहीत असलं की 'बेनेव्हलंट', 'मॅलेव्हलंट', 'एलोक्वंट', 'सलिलोक्वी' पटकन जागेवर बसतात. मराठीत उपसर्ग आपण शिकलोच आहोत, सु, दुर्, प्रति, तसंच.

पण दिसण्यावर जाऊ नका. 'एनर्व्हेट' बघून एनर्जी आठवते, अर्थ आहे शक्ती काढून घेणं. 'रेस्टिव्ह' मध्ये रेस्ट दिसतो आणि अर्थ अस्वस्थ, आवरत नाही असा. 'नॉइसम' चा आवाजाशी काही संबंध नाही, तो 'अनॉय' च्या घरातला, अर्थ किळसवाणा, बहुतेक वासाबद्दल. 'मेरिट्रिशस' मध्ये मेरिट नाही, वरवर झगमगीत आणि आत पोकळ असा अर्थ. 'इनफ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं, न पेटणारं नाही, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. रूट हा शब्द लक्षात ठेवायला वापरा, अर्थ ठरवायला नाही.

११. डिक्शनरी न बघता संदर्भावरून अर्थ लावावा का?

लावावा, पण पान तेवढं सोपं हवं. पॉल नेशन आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासात असं दिसलं की मदतीशिवाय मजकूर नीट समजायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे ३०० शब्दांच्या पानावर सहा अनोळखी. वीस असतील तर तुम्ही अंदाज नाही, ठोकताळे बांधताय, पुस्तक बदला. आणि अंदाज बांधला तरी संध्याकाळी डिक्शनरीत बघाच.

१२. सिनोनिम एकमेकांच्या जागी वापरले तर काय बिघडतं?

प्रश्न २ मधला चिक्कू आणि प्रश्न ५ मधले शेजारी वाचा, बरंचसं तिथे आलंय. इथे एकच भर घालते. काही शब्द अर्थाने साधे दिसतात पण त्यांची संगत वाईट असते. 'कॉज' हे क्रियापद बघा, त्याच्या पुढे अपघात, नुकसान, त्रास, उशीर असलंच जास्त येतं. 'माय टीचर कॉज्ड माय सक्सेस' व्याकरणात बसतं तरी वाचणारा दचकतो. आपल्याकडे 'तुमच्यामुळे' आणि 'तुमच्या कृपेने' ह्यात जसा फरक तसाच.

१३. एकाच शब्दाचे उलटे अर्थ कसे असतात? 'सँक्शन' ने डोकं फिरलंय.

'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंध, दोन्ही बरोबर. लोन सँक्शन होतं आणि देशावर सँक्शन्स लागतात. अनेकवचनात आणि पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' असेल तर बहुतेक निर्बंधच. 'ओव्हरसाइट' चं पण असंच, देखरेख आणि नजरचूक दोन्ही. 'टेबल' तर देशाप्रमाणे फिरतो, ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' करणं म्हणजे चर्चेला घेणं आणि अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवणं, अमेरिकन क्लायंटसोबत काम करणाऱ्यांनी हे लिहूनच ठेवा. अशा शब्दांना एका अर्थाला एक कार्ड करा, दोन्ही एकाच कार्डावर कोंबू नका.

१४. उच्चार स्पेलिंगवरून करतो, चालेल ना?

शब्द वाचून शिकलेल्या प्रत्येकाची ही चूक होते. 'एपिटोम' नाही, 'इपिटमी'. 'हायपरबोल' नाही, 'हायपर्बली'. 'सटल' मध्ये ब बोलत नाहीत, 'इन्डाइट' मध्ये क नाही. 'अराय' हा शब्द मी स्वतः कित्येक वर्षं 'ऑरी' वाचत होते. नेटवरच्या डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह असतं, कार्ड करतानाच दोनदा ऐका. जोर कुठे द्यायचा तेही बघा, 'डेव्हलप' मध्ये जोर मधल्या 'व्हे' वर असतो, आपण पहिल्यावर देतो.

१५. मराठीत रोज वापरतो ते इंग्रजी शब्द तरी पक्के ना?

उलट तिथेच जास्त फसतो. आपण हॉटेलात जेवायला जातो, बाहेरच्यांच्या इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, जेवायचं ते रेस्टॉरंट. वर्गात आपण म्हणतो 'आय हॅव अ डाउट', ते ऐकून परदेशी शिक्षकाला वाटतं ह्याला माझ्या बोलण्यावर संशय आहे. मूळ आपल्या 'शंका' शब्दात आहे, मराठीत शंका विचारतातही आणि घेतातही, इंग्रजीत विचारायचा तो 'क्वेश्चन'. 'प्रीपोन' आता मोठ्या डिक्शनऱ्यांत आहे पण भारतीय इंग्रजी म्हणून.

देवाणघेवाण उलटीही झालीये, इंग्रजीतला 'माँगूस' हा आपल्या मुंगसावरून गेलेला.

१६. माझ्या परीक्षेला नेमके कुठले शब्द लागतात?

यूपीएससी मुख्यचा इंग्रजीचा पेपर ३०० मार्कांचा, २५ टक्के मिळवून फक्त पास व्हायचा असतो, त्यासाठी जीआरईच्या (परदेशी मास्टर्सच्या ॲडमिशनची परीक्षा) याद्या करण्यात वेळ घालवू नका. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी असलेल्या एसएससी सीजीएलच्या टियर वनमध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे २५ प्रश्न ५० मार्कांना, तिथे समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार, शब्दसमूहाला एक शब्द असं थेट येतं, जुने पेपर सोडवले की तेच शब्द फिरताना दिसतील. जीआरईमध्ये विरुद्धार्थी शब्द २०११ पासून बंद झालेत, आता वाक्यातली रिकामी जागा भरायची किंवा सहा पर्यायांतले असे दोन निवडायचे की वाक्याचा अर्थ सारखाच राहील. प्रश्न ५ ची बोटाची परीक्षा म्हणजे हाच प्रश्न. परदेशी जाण्यासाठी देतात त्या आयईएलटीएस ह्या इंग्रजीच्या परीक्षेच्या रायटिंग आणि स्पीकिंगमध्ये शब्दसंपत्तीला २५ टक्के वजन आहे, आणि तिथे सातचा बँड हवा असेल तर कमी वापरातले शब्द योग्य जोडीने वापरता येतात का हेही बघतात.

१७. ईमेलमध्ये मोठे शब्द घातले तर इंप्रेशन पडतं का?

नाही. 'युटिलाइझ' पेक्षा 'यूज' बरा, 'कमेन्स' पेक्षा 'स्टार्ट'. मोठा शब्द तेव्हाच घ्या जेव्हा छोट्याने काम होत नाही. 'रिलक्टंट' हा शब्द हवा कारण तयार आहे पण मनातून नाही हे एका साध्या शब्दात येत नाही.

१८. घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, शिकलेलं वापरू कोणासोबत?

एकट्याने. माझ्याकडचा एक जण दूध डेअरीवर पहाटेच्या शिफ्टला असतो. तो येताना गाडीवर त्या दिवशीचे दोन शब्द घेऊन डेअरीत काय झालं ते मोठ्याने सांगतो, फॅट कमी लागलं म्हणून वाद घालणारे काका 'ऑब्स्टिनेट', मोजमाप करणारी ताई 'मेटिक्युलस'. घरी पोचल्यावर मोबाइलमध्ये एक मिनिट रेकॉर्ड करतो आणि रविवारी आम्ही दोघं ते ऐकतो, मी फक्त शेजारी दुरुस्त करते. रविवारी ऐकणारं कोणी नसेल तर महिन्याभराने स्वतःचं जुनं रेकॉर्डिंग ऐका, चुका तुमच्या तुम्हालाच सापडतात.